डाव्या हाताची सुरी

मोनोबे नदीकाठ,
४ सप्टेंबर १९७९

चि. मासाए,

इकडे सगळं बरं आहे. दिवसा अजून उकडतं, पण संध्याकाळी नदीवरून येणारा वारा गार लागायला लागला आहे. परसातल्या युझू लिंबाला यंदा फळं इतकी धरली आहेत की एका फांदीला आत्ताच टेकू दिला. ओसाकात उकाडा जास्त असेल. खाणावळीत दिवसभर चुलीपुढे उभी असतेस, पाणी पीत जा.

तुझं पार्सल काल मिळालं. टपालवाल्या हिरोसेने ते हातात तोलून पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, लेकीकडचं आहे. जड आहे हो. ओसाकाची मिठाई असणार."

मी म्हटलं, "लोखंड आहे. वास येतोय."

"तुम्हाला सगळ्यालाच लोखंडाचा वास येतो," असं म्हणून तो हसत गेला.

आत चिठ्ठी असेल म्हणून मी वर्तमानपत्राचा एकेक पदर उलगडला. नव्हती. मग ते वर्तमानपत्रच वाचून काढलं. मला अक्षरं आली तीच अशी, विळे-कोयते गुंडाळायच्या रद्दीतून, त्यामुळे छापलेला कागद तसाच टाकवत नाही. त्यात एका बाईने विचारलं होतं की मुळ्याच्या लोणच्यावर पांढरी बुरशी येते, काय करू? उत्तराचा भाग तू फाडून दुसऱ्या कशाला तरी वापरला असावास. काल रात्रभर त्या बाईची काळजी वाटली.

मग सुरी पाहिली. तू लग्न होऊन निघालीस तेव्हा बाबांनी केलेली, मासे कापायची, डाव्या हाताची. तुला आठवतं का, शाळेतले गुरुजी तुला उजव्या हाताने लिहायला लावायचे तेव्हा बाबा म्हणाले होते, "लिहू दे उजव्याने. कापेल ती डाव्यानेच."

सुरीचं टोक मोडलं आहे, म्हणजे ती फरशीवर पडली. मुठीजवळच्या धारेला खांडी पडल्या आहेत, म्हणजे तू बर्फात गोठलेला मासा कापतेस. आणि धारेवर ज्या आडव्या चकचकीत रेघा आहेत त्या मी लगेच ओळखल्या. वाडग्याच्या बुडावर घासतेस ना? बाबा असते तर त्या दिवशी जेवले नसते. लाकडी मूठ एका बाजूने खोल गेली आहे, तुझ्या तर्जनीच्या जागी. धार गेली की माणूस मूठ जास्त आवळतो. फार दिवस आवळून कापते आहेस, असं दिसतं.

एवढं सुरीने सांगितलं. तू काही लिहिलं नाहीस, तरी चाललं. दोन वर्षांनी तुझ्या हातची काही वस्तू घरात आली. स्मशानातून परतताना तू जे बोललीस ते मी विसरलेले नाही, आणि तुला त्याची आठवण करून द्यावी म्हणूनही हे लिहीत नाही.

येत्या बावीस डिसेंबरला बाबांचं तिसऱ्या वर्षाचं श्राद्ध आहे, गेल्याचं वर्ष धरून तिसरं. पहिल्या वर्षी तू आली नाहीस, उदबत्ती पाठवलीस. चांगली होती. वास बरेच दिवस राहिला.

सुरी नीट करून पाठवते. जावईबापूंना नमस्कार.

आई


मोनोबे नदीकाठ,
१२ ऑक्टोबर

चि. मासाए,

वादळ आलं होतं, पण आपल्या घराचं काही गेलं नाही. कोळसे ठेवायच्या खोपटाचा पत्रा उडून योशिमात्सुंच्या मुळ्याच्या वाफ्यात पडला. ते स्वतःच घेऊन आले आणि ठोकूनही दिला. नदीपलीकडचे लोहार योशिमात्सु तुला आठवतात ना, सणाला सगळ्यांत मोठ्याने गाणारे? आता केस गेले, आवाज तेवढाच आहे.

सुरीच्या बाबतीत माझ्याकडून एक चूक झाली आहे. ती आधी सांगून टाकते.

सगळं आयुष्य मी उजव्या हाताची हत्यारं पाजवली. दगडासमोर बसले की हात माझी वाट पाहत नाहीत. तुझी सुरीही मी नेहमीसारखी उजवी बाजू खाली करून, तिरकी धरून, खरखरीत दगडावर घासायला लागले. मनात भलतंच काही चालू होतं. जरा वेळाने दगडाचा आवाज ओळखीचा वाटेना. पाणी ओतून पाहिलं तेव्हा कळलं. तुझ्या सुरीची उतरती बाजू डावी. उजवी बाजू म्हणजे तिची पाठ, सपाट, मध्ये जराशी खोलगट, तिला खरखरीत दगड कधी लावायचाच नसतो. मी त्या पाठीलाच नवा उतार काढून बसले होते.

नेमके तेव्हाच योशिमात्सु पर्सिमनच्या फळांची टोपली घेऊन आले. त्यांनी सुरी हातात घेतली, उजेडाकडे धरली, मग माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, हे तुम्ही केलं?"

"नाही, मांजराने केलं."

"तोकुजीदादांनी पाहिलं असतं तर करणाऱ्याला भट्टीत घातलं असतं."

"म्हणून तर ते गेल्यावर केलं," मी म्हटलं.

ते इतके हसले की टोपली खाली ठेवावी लागली. मग गळ्यातल्या पंच्याने डोळे पुसत म्हणाले, घाम फार येतो हल्ली. ऑक्टोबरात कसला घाम!

"टाका ही," ते म्हणाले. "मी नवी करून देतो मासाएला. डावीच देतो."

"तुमची नको."

"का? माझी सुरी कापत नाही?"

"कापते हो. पण तुमच्यासारखीच, सारखी बोलत राहते. मासा घाबरतो."

आता उपाय एकच आहे. डाव्या बाजूने पोलाद हळूहळू झिजवत न्यायचं, धार मागे सरकत सरकत माझ्या चुकीच्या मागे जाईपर्यंत. सुरी थोडी अरुंद होईल. मोडलेलं टोकही त्यातच भरून निघेल. मात्र ते काम उजव्या हाताने होत नाही. म्हणून मी दगड फिरवून ठेवला आहे, बाबांची बैठक होती त्या बाजूला बसते, आणि डाव्या हाताने पाजवते. सुरुवातीला हात ऐकेना. सुरी डुलायची, बोटं सोलली, मला स्वतःचाच राग यायचा. तू शाळेतून रडत यायचीस, उजवा हात पोटाशी धरून, तेव्हा मला वाटायचं की पोर हट्टी आहे. हट्ट नव्हता तो. आता माझा डावा हात मला रोज सांगतो.

रोज थोडंच होतं, घाई करण्यासारखं हे काम नाही. मध्ये थकले की पुस्तक घेऊन बसते. पुस्तकांची गाडी अजूनही महिन्यातून एकदा शाळेपाशी येते, आणि त्यातली मुलगी माझ्यासाठी मोठ्या अक्षरांची पुस्तकं बाजूला काढून ठेवते. मागच्या खेपेला म्हणाली, "आजी, यात शेवटी सगळे मरतात, चालेल ना?" मी म्हटलं, "चांगले मरतात का?" तिने पुस्तक उघडून शेवटचं पान पाहिलं.

तुला आणखी काही लिहायचं होतं. दवाखान्यातल्या त्या सकाळविषयी. पण हाताला दगडाचा चिखल आहे आणि कागद खराब होतो आहे. पुढे कधी तरी.

थंडी सुरू होईल. पाठ झाकून झोपत जा.

आई


मोनोबे नदीकाठ,
९ नोव्हेंबर

मासाए,

कोंबूची वाळली समुद्रपानं पोचली. पाकिटात या वेळीही चिठ्ठी नव्हती, पण बाबा ओसाकाला आले की ज्या दुकानातून घ्यायचे त्याच दुकानाचं नाव पाकिटावर होतं. लगेच भिजत घालून रस्सा केला आणि पहिली वाटी त्यांच्या फोटोपुढे ठेवली. दुसरी मी घेतली. तिसरी मांजराने.

काल भात्याचा सण झाला. मी दरवर्षीसारखी भट्टी झाडली, भात्यापुढे संत्री मांडली आणि दुपारी गल्लीतल्या पोरांना वाटली. एक चिमुरडी म्हणाली, "आजी, तुमच्याकडे तर भट्टीच पेटत नाही, मग भात्याला संत्री कशाला?" मी म्हटलं, "तो झोपला आहे. उठला की खाईल."

खरं म्हणजे तो परवा उठला होता. तेच सांगायला हे पत्र लिहिते आहे.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी योशिमात्सु धावत आले. त्यांच्या यंत्राच्या घणाचा पट्टा तुटला होता, आणि जंगलतोडीवाल्यांचा एक कोयता त्याच दिवशी द्यायचा होता. दुसऱ्या दिवशी सण, म्हणजे आग पेटवायची नाही. ते दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, घण उचलाल?"

"मी त्रेसष्ट वर्षांची आहे."

"वय कुठे विचारलं मी?"

त्यांच्याकडे ऐरण यंत्रापुढे बसवलेली, तिथे दोन माणसं समोरासमोर उभी राहू शकत नाहीत. म्हणून आपलीच भट्टी पेटवली. भात्यात उंदराचं घर निघालं. ते आधी उचलून खोपटात ठेवलं, पिल्लांसकट. मग कोळसा पेटवला, आणि तो आवाज, तुला माहीत आहे तो, भात्याने पहिला श्वास घेतल्याचा, घरात भरला. मला थोडा वेळ कुठे पाहावं कळेना.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण तू लहानपणी भट्टीबाहेरून ऐकलीस, आतून नाही. बाबा आणि मी कामात कधी बोललो नाही. त्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. त्यांची छोटी हातोडी तापलेल्या लोखंडावर जिथे पडेल तिथे माझा घण पडायचा. जोराने मार, हलके मार, सरक, हे सगळं ती हातोडीच सांगायची. आणि पुरे झालं, घण ठेव, असं सांगायचं असलं की ते ऐरणीच्या कडेवरून हातोडी जराशी घासायचे आणि मग एक ठोका द्यायचे. सर्र, टक. तो आला की माझे हात आपोआप खाली यायचे. घण हवेत असला तरी मी तो बाजूला टाकायची. लग्नानंतर त्यांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट तीच.

परवा कोयता छान आकाराला येत होता. हात दुखत होते, पण घणाला वाट आठवत होती. तेवढ्यात योशिमात्सुंनी ऐरणीवर टकटक केलं, आणि मी घण मारला. कोयत्याचा खांदा चपटा झाला.

"वहिनी! थांबा म्हटलं ना!"

"कधी म्हटलंत?"

"दोनदा म्हटलं!"

"तुम्ही नुसतं टकटक केलंत. शेजारणीचं दार वाजवल्यासारखं."

"मग थांबा कसं सांगतात?"

मी त्यांच्या हातातली हातोडी घेतली आणि कडेवर करून दाखवलं. सर्र, टक.

ते म्हणाले, "हे तोकुजीदादांचं. असं कुणी करत नाही, वहिनी. मी या खोऱ्यातल्या सगळ्या भट्ट्यांवर काम केलं आहे, सगळे टकटकच करतात. त्यांच्या वडिलांनाही मी पाहिलं, तेही टकटक करायचे. ही दादांची एकट्याची खोड."

मी कोळशाच्या पोत्यावर बसले. ते घाबरले, म्हणाले, "चक्कर आली का?" मी म्हटलं, "तुम्ही कोयता तापवा. मी येते."

मासाए, आता दवाखाना.

बाबांचं बोलणं बंद होऊन काही दिवस झाले होते. तू ओसाकात मोठ्या दवाखान्यात खाट मिळवलीस आणि रात्रीच्या बोटीने निघालीस. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, घशात नळी घालू आणि ओसाकाला न्यायची तयारी करू. ते माझ्या होकाराची वाट पाहत उभे होते. बाबांचा उजवा हात खाटेच्या लोखंडी दांडीवर होता. त्यांनी नख दांडीवरून जरासं ओढलं आणि बोटाने ठोका दिला. सर्र, टक. डोळे उघडे होते. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. माझ्या हाताखालीही त्यांनी पुन्हा तेच केलं.

मी डॉक्टरांना म्हटलं, घरी नेते.

घरी आणून भट्टीशेजारच्या खोलीत निजवलं. जेवायच्या वेळेआधीच ते गेले. बोट उशिरा लागली, तू दुपारी पोचलीस. "मी येईपर्यंत तरी धरून ठेवायचं होतंस. तूच त्यांना थांबवलंस," असं तू स्मशानातून परतताना म्हणालीस. मी काहीच बोलले नाही. तुला वाटलं, बोलायला काही नाही म्हणून गप्प आहे.

गप्प होते कारण मला खात्री नव्हती. तिथली नर्स म्हणाली होती, औषधाने बोटं थरथरतात, सगळ्यांचीच. मग माझ्या मनात आलं की ते थांब म्हणाले, की मी थकले होते म्हणून मला तसं ऐकू आलं? कितीएक रात्री मी झोपले नव्हते. ज्याला घण खाली ठेवायचा असतो त्याला कुठलाही आवाज थांब म्हटल्यासारखा वाटेल. हे मी तुला कुठल्या तोंडाने सांगू? दोन वर्षं मी तो आवाज काढून पाहते आहे. ताटलीच्या काठावर, नळावर, बादलीच्या कडीवर. काढला की वाटायचं हाच होता. हात बाजूला घेतला की वाटायचं, नव्हता.

परवा योशिमात्सुंमुळे कळलं. टकटक असतं तर ती थरथर असू शकली असती. कुणाचंही बोट टकटक करतं. पण आधी घासून मग ठोका, हे जगात एकच माणूस करायचा, आणि ते एकाच माणसाला कळायचं. माझी ऐकण्यात चूक झाली नव्हती.

तुझ्यासाठी त्यांना दुपारपर्यंत धरून ठेवायला हवं होतं का, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. मी तुझ्या जागी असते तर मलाही राग आला असता. कदाचित अजून आला असता. पण त्यांनी थांब म्हटलं आणि मी घण खाली ठेवला. मला तेवढंच येत होतं.

कोयता पूर्ण झाला. खांदा योशिमात्सुंनी सावरून घेतला. खिडक्या झाकून अंधार केला, पात्याचा रंग पाहून त्यांनी पाणी दिलं, आणि जाताना दारात थांबून म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी मी सर्र-टक करीन."

मी म्हटलं, "खबरदार."

आता तुझी सुरी. पाठीवरची माझी चूक पूर्ण गेली. टोक आलं. मूठ नवी बसवली, जुनीसारखीच कुरणातल्या होओच्या झाडाच्या लाकडाची, तुझ्या तर्जनीसाठी जुनीपेक्षा थोडी भरीव ठेवली आहे, म्हणजे आवळावी लागणार नाही. पात्यावरचं बाबांनी छिन्नीने कोरलेलं नाव थोडं पुसट झालं, पण वाचता येतं. फक्त शेवटची धार राहिली आहे. ती मऊ दगडावरची, केसासारखी, सुरी ज्याच्या हातात राहायची त्याच्याच हाताने लावायची. मी बरीच खटपट केली. माझा डावा हात कामापुरता शिकला, पण तो माझा आहे, तुझा नाही.

म्हणून सुरी टपालात घातलेली नाही. बावीस डिसेंबरला यायचं जमत असेल तर कळव. तो दगड अगोदरपासून पाण्यात राहिला की धार चांगली देतो, म्हणून विचारते. जमत नसेल तर तसंही कळव, मी आहे तशी पाठवीन. भाजीपुरती कापेल. मी रागावणार नाही. वाडग्याच्या बुडावर मात्र घासायची नाही.

तुझ्या खाणावळीत फोन आहे हे मला माहीत आहे, आणि इथे वाण्याकडेही आहे. पण फोनवर मी ओरडते आणि वाणी ऐकत उभा राहतो. यातलं काही ओरडून सांगता आलं नसतं.

तुझी,
आई


मोनोबे नदीकाठ,
१ डिसेंबर

मासाए,

एवढं कार्ड तू निघण्याआधी मिळावं म्हणून घाईत लिहिते.

काल तार घेऊन हिरोसे आला. तार म्हटल्यावर माझा चेहरा पाहून त्याने तिथेच उघडायला लावली. वाचून तो गोंधळला. म्हणाला, "मावशी, तारघराने काही तरी घोळ केलाय. नुसतं 'दगड भिजव' एवढंच आहे. हे काय?"

मी म्हटलं, "लेक येते आहे."

तो म्हणाला, "असं लिहितात होय?"

युझू पिवळे झाले आहेत, तुझ्यासाठी काढून ठेवते. रात्रीच्या बोटीवर वारा लागतो, जाड कोट घाल. मी धक्क्यावर येणार नाही, पहाटे माझे गुडघे चालत नाहीत. तू सरळ घरी ये. भट्टीच्या दारातून आत ये, कडी काढलेली असेल.

दगड कालच पाण्यात घातला. फार लवकर आहे, मला कळतं.

आई